कळलावी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की फोनवर फोटो यायला सुरुवात होते. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातून, सज्जनगडाच्या पायथ्याहून, कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून. निम्म्या फोटोंखाली एकच ओळ: "हे ज्वाळेसारखं फूल कसलं?" उरलेल्या निम्म्यांखाली: "हिचा कंद गुडघेदुखीवर चालतो म्हणे, खरं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला कधीच कंटाळा येत नाही. दुसऱ्याचं मात्र दरवर्षी देऊन घसा बसतो. म्हणून कळलावी या वेलीबद्दल आतापर्यंत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान १० आणि ११ वाचा.

१. कळलावी ओळखायची कशी?

वेल फुलात असेल तर चुकण्याचं कारणच नाही. देठावर खाली मान घालून लटकलेलं फूल, पण त्याच्या सहाही पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या. कडा नागमोडी. खालून पिवळ्या, टोकाकडे लाल. पाकळ्यांच्या खाली सहा लांब पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले. एकेक पाकळी साधारण पाच ते सात सेंटिमीटर लांब असते. (काटेकोर बोलायचं तर या पाकळ्या नव्हेत, परिदलं. संदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं) आणि पाकळ्या असा वेगळा भेद या फुलात नसतो. इथे आपण पाकळ्याच म्हणू.)

फूल नसेल तर पान बघा. भाल्यासारखं, बिनदेठाचं, शिरा समांतर, आणि टोक पुढे लांबत जाऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. आपल्या डोंगरात पानाच्या टोकाचाच तणावा (आधाराला धरणारा दोरा) झालेली, एवढी ठळक दुसरी वेल सहसा भेटत नाही. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. १७५३ मध्ये लिनियसने दिलेलं. दोन्ही शब्द लॅटिनमधले, एक वैभवाचा आणि दुसरा दिमाखाचा. लिनियसला एका विशेषणात समाधान झालेलं दिसत नाही.

पूर्वी हिला लिलीच्या कुळात घालत. आता ती कोल्चिकेसी या कुळात आहे. हा बदल नुसता कागदावरचा नाही, का ते प्रश्न १३ मध्ये येईल.

२. "कळलावी" म्हणजे कळ लावणारी. पण कसली कळ?

मराठीत कळ दोन प्रकारची. एक पोटात येते, दुसरी माणसामाणसांत लावली जाते. नारदमुनींना आपण कळलाव्या म्हणतो ती दुसरी. वेलीचं नाव मात्र पहिल्या कळेवरून आलं. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून पूर्वी सुइणी या कंदाचा लेप लावत. पुढे लोकांच्या तोंडी दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आणि त्यातून प्रश्न १९ जन्माला आला.

संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरला तर नांगराच्या फाळासारखा वाकलेला दिसतो, म्हणून. अग्निशिखा हे नाव फुलावरून, त्याला स्पष्टीकरण नको. खड्यानाग आणि इंदई हीसुद्धा मराठी नावं आहेत. काही जण बचनागही म्हणतात, पण तिथे सांभाळा. खरा बचनाग ही हिमालयातली अगदी वेगळी वनस्पती आहे आणि तिचं विषही वेगळं. नावाच्या सारखेपणावर विसंबून दुकानातून काही आणू नका.

३. ही मूळची आपली, की घाणेरीसारखी बाहेरून आलेली?

आपलीच. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग हा सगळाच तिचा मूळ मुलूख. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे आणि तमिळनाडूचं राज्यफूल. १९४७ मध्ये ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात गेली तेव्हा तिथल्या मुलांच्या वतीने तिला याच फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट मिळाली. इतका मान असलेली हीच वेल ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र वाळूच्या टेकड्यांवर पसरलेलं त्रासदायक तण आहे. तिथे ती बागेतून निसटली. घाणेरीने आपल्याकडे जे केलं तेच, फक्त उलट दिशेने.

४. कासला गेलो, सगळं पठार पालथं घातलं, कळलावी दिसली नाही. कुठे बघायची?

तुम्ही सड्यावर शोधलीत. सड्यावर मातीचा थर वीतभरही नसतो, खाली जांभा. तिथे सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचं राज्य. कळलावीला कंद मुरवायला माती लागते आणि चढायला झुडूप. म्हणून ती पठाराच्या कडेला, रस्त्यालगतच्या जाळीत, रानाच्या काठावर आणि घाटाच्या उतारावर दिसते. साताऱ्याहून कासला जाताना सगळ्यांच्या नजरा पुढच्या पठाराकडे असतात आणि ही बाजूच्या करवंदीच्या जाळीतून बघत असते. यवतेश्वरचा चढ, ठोसेघरचा रस्ता, सज्जनगडाचा उतार, कुठेही हळू चाला. दाट रानाच्या अंधारात ती फारशी रमत नाही आणि अगदी उघड्यावरही नाही. डोकं उन्हात आणि पाय सावलीत असं तिचं गणित आहे.

हंगाम जुलै ते सप्टेंबर. पाऊस लांबला तर ऑक्टोबरातही एखादं फूल सापडतं. कासची गर्दी सप्टेंबरात उसळते. कळलावी बघायची तर ऑगस्टच्या मध्याला निघा. गर्दी कमी आणि फुलं जास्त.

५. एकाच वेलीवर एक फूल पिवळं आणि एक लालभडक. दोन जाती गुंतल्यात का?

नाही. फुलाचं वय झालं. कळी हिरवी असते. उमलताना पाकळ्या हिरवट पिवळ्या होतात, मग टोकाकडून केशरी चढत जातो आणि शेवटी जवळजवळ पूर्ण फूल लाल होतं. यात काही दिवस जातात. वेल खालून वर फुलत जाते, म्हणून खालचं फूल लाल आणि शेंड्याजवळचं पिवळं. एकाच फांदीवर आठवड्याभराचा हिशोब मांडलेला असतो.

एखाद्या वेलीची फुलं शेवटपर्यंत पिवळीच राहिली तर तसा नैसर्गिक फरकही असतो. त्याला वेगळी जात म्हणायची गरज नाही.

६. फुलातली मधली काडी एका बाजूला काटकोनात वाकलेली आहे. माझ्या वेलीला काही रोग आहे का?

रोग नाही. हे तर त्या फुलातलं सगळ्यात देखणं काम. ती काडी म्हणजे कुक्षीवृंत. फुलाच्या मधोमध तीन कप्प्यांचा अंडाशय असतो आणि त्याच्या टोकाशीच ही काडी एकदम आडवी वळते. बहुतेक फुलांत ती सरळ मधोमध उभी असते, मग इथे वाकडी का?

जरा फूल आडवं धरल्याची कल्पना करा. सहा पुंकेसर चारी बाजूंना बाहेर गेलेत, त्यांची टोकं एका मोठ्या वर्तुळावर आहेत आणि परागकोश झुल्यासारखे हलते. मध मात्र आत, पाकळीच्या बुडाशी. फुलपाखरू एकेका पाकळीच्या बुडाशी जात फुलाभोवती फिरतं तेव्हा त्याचे पंख बाहेरच्या वर्तुळावरच्या परागकोशांना घासतात. पराग पंखांवर बसतात. आता कुक्षी, म्हणजे या काडीचं पराग घेणारं टोक, मधोमध असती तर पंख तिथे पोचलेच नसते. म्हणून ती काटकोनात वळून परागकोशांच्याच वर्तुळावर जाऊन बसली आहे. दुसऱ्या फुलावरून आलेलं फुलपाखरू फेरी मारताना कधी तरी तिलाही घासणारच. मांडणीमुळे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडण्याची शक्यताही कमी होते, कारण तिची तीन टोकं परागकोशांपासून लांब एका बाजूला असतात.

दक्षिण आफ्रिकेत हे पंखांवरचं परागसिंचन अभ्यासकांनी नीट पाहिलेलं आहे. सूर्यपक्षी आणि मधमाश्याही या फुलांवर येतात. तुमच्याकडे कोण येतं ते सकाळी अर्धा तास वेलीसमोर बसून बघा. फोटो काढायचा तर फुलाच्या खालून काढा, वरून काढलेल्या फोटोत हे सगळं झाकलं जातं.

७. ही वेल चढते कशी? खोड तर कशालाच विळखा घालत नाही.

बरोबर पाहिलंत. गुळवेल किंवा घेवडा खोडानेच आधाराला गुंडाळतो. कळलावीचं खोड सरळ राहतं, काम पानं करतात. पानाचं टोक कशाला टेकलं की स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, पलीकडची जोरात होते, आणि टोक आपोआप त्या काडीभोवती वळतं. अशी दहा-बारा पानं हात धरून वेलीला वर नेतात. दोन-तीन मीटर सहज, चांगला आधार मिळाला तर त्याहून वर. ज्या पानांना काहीच सापडत नाही ती आपल्याच टोकाची गुंडाळी करून बसतात.

८. पण माझ्या रोपाच्या पानांना तणावा नाहीच. मग ती कळलावी नाही का?

असू शकते. खोडाच्या तळाची पानं बहुधा साध्या टोकाची असतात, तणावे वरच्या पानांना येतात. बियाण्यापासून उगवलेल्या लहान रोपांतही असंच. त्यामुळे जूनमधलं वीतभर रोप नुसत्या पानावरून ओळखण्याचा हट्ट नको. प्रश्न १४ मधला धोका नेमका याच वयाच्या रोपात आहे.

९. दिवाळीनंतर वेल पार वाळून गेली. मेली का?

झोपली. वर जे दिसतं ते चार-पाच महिन्यांचं पाहुणं आहे, खरी वनस्पती जमिनीत आहे. पहिल्या दमदार पावसानंतर कंदाच्या टोकातून कोंब येतो. तो स्वतःपुरतं अन्न करू लागला की त्याच्या बुडाशी नवा कंद तयार होऊ लागतो, बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन हातांचा. जुना कंद रिकामा होत सुरकुततो आणि संपतो. म्हणजे दर पावसाळ्यात कंद नवा. दहा वर्षं एकाच जागी फुलणाऱ्या वेलीच्या मुळाशी दहा वर्षांपूर्वीचं काहीच शिल्लक नसतं.

दोन हातांच्या टोकांशी एकेक डोळा असतो. डोळे फक्त तिथेच. बटाट्यासारखे सगळीकडे नाहीत. टोक मोडलं की तो हात वांझ. कॉलेजात असताना मी एक कंद उत्साहाने उकरून घरी आणला होता. पिशवीत दोन्ही टोकं मोडली. कुंडीत दोन पावसाळे पाणी घातलं, कोंब आला नाही. त्यानंतर मी कंद उकरलेला नाही.

फुलांनंतर बोंड धरतं. वाळल्यावर ते तीन फाकांनी उकलतं आणि आत ओळीने लाल-केशरी गोल बिया दिसतात. दिसायला रसाळ फळासारख्या. लहान मुलं असलेल्या घरात या बोंडांकडे फुलांपेक्षा जास्त लक्ष ठेवा.

१०. खरंच इतकी विषारी आहे? फुलाला हात लावला तर?

हात लावल्याने काही होत नाही. फूल हातात धरा, वास घ्यायचा प्रयत्न करा (फारसा नसतो), नंतर हात धुवा. कंद हाताळायचाच असेल तर हातमोजे घाला, रसाने कातडी चुरचुरू शकते.

पोटात गेली तर मात्र खरंच इतकी विषारी. सगळ्या भागांत विष आहे, कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. मुख्य विष कोल्चिसीन. उकडल्याने, भाजल्याने किंवा वाळवल्याने ते जात नाही.

ते करतं काय? पेशी दुभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणारे सूक्ष्म धागे तयार व्हावे लागतात. कोल्चिसीन त्या धाग्यांच्या विटा अडवून ठेवतं. धागे बनत नाहीत, पेशी अर्ध्यावर अडकते. शरीरात जिथे पेशी सर्वांत वेगाने दुभागतात तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. विषबाधेची बरीचशी लक्षणं या एका वाक्यातून उलगडतात.

११. कुणी चुकून खाल्लं तर काय करायचं?

लक्षणांची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्या. जे खाल्लं त्याचा उरलेला तुकडा, पान किंवा निदान फोटो सोबत घ्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ताक-तूप पाजत वेळ घालवू नका.

वाट बघू नका असं का म्हणतो? पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. मग पोटात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटतं काहीतरी शिळं खाल्लं असेल. एक-दोन दिवसांत उलट्या थांबल्यासारख्या वाटतात आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातल्या पेशी घटू लागतात, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांच्यावर ताण येतो. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. ते शरीरातल्या पेशींना इतकं घट्ट धरून बसतं की डायलिसिसनेही निघत नाही. डॉक्टर शरीराला तगवून धरतात, म्हणून लवकर पोचण्याला किंमत आहे. वाचलेल्या माणसाचे केस दोनेक आठवड्यांनी गळतात आणि नंतर पुन्हा येतात.

"थोडंसंच खाल्लंय" हा हिशोब घरी करू नका. कंदागणिक विषाचं प्रमाण बदलतं.

१२. आजी सांगायची बाळंतपणाला, सापाला आणि गुडघ्याला कळलावी. आजी खोटं बोलत होती का?

आजी खोटं बोलत नव्हती. तिच्या काळात दवाखाना पंधरा कोसांवर होता आणि हाताशी जे होतं ते वापरलं जायचं. आयुर्वेदातही लांगली आहे, पण कुठल्या यादीत आहे ते बघा. रुई, निवडुंग (स्नुही), कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या पंक्तीला, सात उपविषांत. शोधन (विष कमी करण्याची शुद्धिक्रिया) केल्याशिवाय वापरू नये हे तिथेच बजावलेलं. फोनवर फिरणाऱ्या "रामबाण" संदेशात ही ओळ नेमकी गाळलेली असते.

बाळंतपणासाठी: अजिबात नाही. जीव दोन आहेत.

सर्पदंशासाठी: नाही. खड्यानाग या नावात नाग आहे म्हणून उतारा होत नाही. दंशावर लेप लावण्यात जो अर्धा तास जातो तो प्रतिविषाच्या बाटलीपर्यंत पोचायला वापरा.

गुडघ्यासाठी: इथे गंमत आहे. वातरक्त म्हणजे गाऊट या दुखण्यावर कोल्चिसीनच्या गोळ्या डॉक्टर खरंच देतात. पण गोळीत ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, मोजून. गुण देणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. कंद उगाळताना तुमच्या सहाणेला मिलिग्रॅम कळत नाही. शिवाय प्रत्येक गुडघेदुखी गाऊट नसते, बहुतेक वेळा ती झीज असते आणि झिजेवरचा उपाय या औषधात नाही.

१३. मग औषध कंपन्या हिच्या बिया का घेतात? शेती करता येईल का?

कोल्चिसीनसाठीच. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून वेगळं केलं. त्याच वर्षी त्याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही काढलं. कोल्चिकम आणि कळलावी दिसायला एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या नाहीत, पण दोघींत तेच द्रव्य. लिलीच्या कुळातून कळलावीला उचलून कोल्चिकमच्या घरात बसवलं ते म्हणून पटतं.

१९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवलं की या द्रव्याने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करता येतात. धागे नाहीत म्हणून पेशी दुभागत नाही, पण गुणसूत्रं तर दुप्पट झालेली असतात. प्रश्न १० मधलीच करामत, फक्त इथे कामी आणलेली. बिनबियांचं कलिंगड याच वाटेने आलं. आणि २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, वनस्पती कोल्चिसीन कसं घडवते त्याच्या बहुतेक पायऱ्या उलगडल्या. त्यासाठी त्यांनी निवडलेली वनस्पती होती आपली कळलावी.

शेतीचं म्हणाल तर तमिळनाडूत दिंडीगुल, करूर, तिरुप्पूर या भागांत तारांच्या मांडवावर ती घेतात, मुख्यतः बियांसाठी. मजूर हाताने परागसिंचन करतात. लागवडीचे कंद महाग, विक्री ठरावीक व्यापाऱ्यांच्या हातात, भाव चढउताराचा. आल्या-हळदीचा शेतकरी कंदाच्या पिकाला घाबरत नाही हे खरं. पण खरेदीदार आधी पक्का करा, कंद नंतर. रानातून उकरून लागवड हा विचार मात्र सोडूनच द्या.

१४. रानभाज्या आणि रानकंद काढताना गोंधळ होऊ शकतो का?

होतो, आणि जीव त्यातच जातात. आपल्याकडे करांदे, कणगर असे कंद लोक आवडीने खातात. वेल वाळल्यावर वर खूण उरत नाही. मातीतून निघालेला पांढरट-तपकिरी लांबट कंद नवख्याला रताळ्यासारखाही वाटू शकतो. दोन हातांचा, कोनात वाकलेला, टोकाशीच डोळा असलेला कंद निघाला तर परत पुरा. वेल हिरवी असताना ज्याची जागा तुम्ही स्वतः पाहून ठेवली नाही, तो कंद ताटात येऊ देऊ नका.

पहिल्या पावसातल्या भाज्यांतही तेच. फोडशी, कुळी काढताना शेजारच्या कळलावीचा कोवळा कोंब जुडीत येऊ शकतो. फोडशीची पानं जमिनीलगत झुबक्याने येतात, कळलावीच्या कोंबाला सरळ खोड असतं आणि पानं त्यावर चढत जातात. घरी जुडी निवडताना खोडवालं वेगळं काढा.

१५. वेलीवर काळ्या अंगाच्या, पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या पडल्यात. फवारू का?

रानातली वेल असेल तर हात लावू नका. पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाच्या अळ्या आहेत त्या. त्याच्या नावातच आपली कळलावी आहे. जे पान खाऊन बैल आडवा होईल ते पान या आरामात खातात, आणि लपायचं सोडून भडक रंग मिरवतात. पक्ष्यांना ती ताकीद असते. पानांची चाळण होते, पण कंद शाबूत असतो. कुंडीतली वेल असेल तर अळ्या काडीने उचलून बाजूला टाका. या अळ्या बागेतल्या लिलीवरही जातात.

१६. घरी लावायची आहे. कंद कुठून आणू?

रोपवाटिकेतून, रानातून नाही. कोयना अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव वनात कंद उकरणं कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न ९ मधलं माझं उदाहरण आहे: रान एका वेलीने रिकामं आणि कुंडीही रिकामी.

कंद आडवा, दोन-तीन इंच खोल, पाणी न साचणाऱ्या मातीत. मे अखेरीस लावा. कुंडी रुंद हवी, बाजूला जाळी किंवा वाळक्या फांद्या. वेल पिवळी पडू लागली की पाणी तोडा. हिवाळा-उन्हाळ्यात कुंडी कोरडी ठेवायची. बहुतेकांचा कंद इथेच कुजतो, रिकामी कुंडी बघून दया येते आणि रोज तांब्याभर पाणी पडतं.

बियांपासूनही येते. उगवायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि फूल यायला तीन-चार वर्षं. घरात रांगतं मूल, पानं चावणारं कुत्रं किंवा दारात शेळ्या असतील तर दुसरं काही लावा.

१७. पुण्याच्या नर्सरीत "ग्लोरिओसा" म्हणून मोठ्या गडद लाल फुलांची मिळाली. ती हीच?

जात तीच, निवड वेगळी. "रॉथ्सचिल्डियाना" या नावाने विकली जाणारी ही मोठ्या फुलांची निवड फुलदाणीसाठी जगभर पिकवतात. पूर्वी तिला स्वतंत्र जात मानत, आता ग्लोरिओसा सुपर्बातच धरतात. विषारीपणा तोच. कुंडीत खुशाल लावा, पण "निसर्गसंवर्धन" म्हणून डोंगरात नेऊन सोडू नका.

१८. वेल जोरात आहे, फुलंही येतात, पण एकही बोंड धरत नाही.

बहुधा पराग पोचत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत फुलपाखरू क्वचितच येतं. प्रश्न ६ वाचून मग एका फुलाचा परागकोश दुसऱ्या फुलाच्या आडव्या काडीच्या तिहेरी टोकाला सकाळी हलकेच टेकवा. शक्यतो दुसऱ्या वेलीचा. नुसती शोभा हवी असेल तर बोंड धरलं नाही ते बरंच: कंद पोसतो आणि बियांची भीती नाही.

१९. सासूबाई म्हणतात घरात कळलावी लावली की भांडणं होतात.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुधा भांडण झाल्यावरच येतो. प्रश्न २ मधल्या दुसऱ्या कळेचा हा प्रताप. भांड्याला भांडं लागायला वेल लागत नाही. तरीही सासूबाईंचं ऐका असं मी म्हणेन. विषारी झाड अंगणात नको, हे पुढच्या पिढीच्या गळी उतरवायला "भांडणं होतात" याच्याइतकं सोपं वाक्य कुणाला सुचलं नसतं. कोकणात मात्र हीच फुलं गौरीला वाहतात. तेरड्याच्या गौरी आणणाऱ्या आपल्या भागात कुणाला तशी हौस असेल तर एखादं फूल चालेल, वेल मुळापासून ओढू नका. आणि उत्सव झाल्यावर निर्माल्य शेळ्यांच्या वाटेवर टाकू नका.

२०. बांधावर चार वेली आहेत. शेतात गुरं असतात. उपटून टाकू?

उपटून कंद निघत नाही, खोड तुटून हातात येतं आणि पुढच्या पावसात वेल पुन्हा हजर. गुरं रानात सहसा तिला तोंड लावत नाहीत. धोका असतो तो कापलेल्या वैरणीत, कारण त्यात निवड करता येत नाही. बांधावरचं गवत कापताना त्या चार जागा सोडून कापा, किंवा जुलैत तिथे काठी रोवून खूण करा. काठी रोवलीत तर वेल तिच्यावरच चढेल आणि खूण आपोआप लाल होईल.

२१. फोटो पाठवला तर ओळखून द्याल का?

देईन. तीन फोटो पाठवा: फूल खालून, पानाचं टोक जवळून, आणि वेल ज्यावर चढली आहे ती पूर्ण जाळी. जागा ढोबळ सांगितली तरी चालेल. नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका, कंद उकरणारेही ते वाचतात. आणि नुसत्या कंदाचा फोटो पाठवून "हा खायचा आहे का?" असं विचारलंत तर उत्तर प्रत्येक वेळी एकच येईल: नाही, जिथून काढला तिथे पुरा.